फावल्या वेळातल्या बाया

परत आल्यापासून भेटेल तो विचारतो, फेब्रुवारीत जालन्याला काय होतं, लग्न होतं का? मी म्हणते, नाही, व्हिडिओ गेम होता. यावर लोक आधी माझ्या पांढऱ्या केसांकडे बघतात आणि मग हवापाण्याचा विषय काढतात. म्हणून एकदाचं सगळं लिहूनच टाकते.

मी तीस वर्षं पुण्यातल्या कॉलेजात प्राचीन इतिहास शिकवला. निवृत्तीनंतर दोन वर्षं कोणी काही विचारलं नाही. मग एके दिवशी एका खेळ बनवणाऱ्या कंपनीचा फोन आला. सातवाहनकाळातल्या एका गावाचा खेळ ते करत होते. खेळणाऱ्यानं गावप्रमुख व्हायचं, विहिरी खणायच्या, शेतं पेरायची, दुष्काळ काढायचे, लुटारू परतवायचे आणि गावाचं नगर करून दाखवायचं. खेळ सुरू होताना पडद्यावर एक ओळ येणार होती, की यातलं समाजजीवन इतिहासतज्ज्ञांनी तपासलेलं आहे. त्यासाठी सही करायला त्यांना एक इतिहासतज्ज्ञ हवा होता. निवृत्त माणसाला कोणी तज्ज्ञ म्हटलं की तो घरातल्या घरातसुद्धा ताठ चालायला लागतो. मीही लागले.

मग मी खेळ पाहिला. पुरुषांना त्यात एकेचाळीस कामं होती. लोहार होता, कुंभार होता, व्यापारी होता, हत्ती पकडणारा होता, हत्ती पकडणाऱ्याला मदत करणारा होता. बायकांना कामं चार. पाणी भरणं, दळणं, नाचणं आणि नवरा मेल्यावर रडणं. रडण्यावर फार मेहनत घेतली होती. खांदे वेगळे हलायचे, बांगड्या वेगळ्या वाजायच्या.

मी म्हटलं, यावर मी सही करणार नाही. त्या काळातले राजे आपल्या नावाआधी आईचं नाव लावायचे, लेण्यांत बायकांनी स्वतःच्या नावानं दानं दिल्याचे लेख कोरलेले आहेत, आणि तुमच्याकडे नुसतं रडणं? कंपनीचे साहेब शांतपणे म्हणाले, मग आई होणं हे पाचवं काम धरू या का?

बऱ्याच वादानंतर त्यांनी एक अट घातली. बाईसाठी असं एक काम शोधून आणा की ती नसेल तर खेळ अडला पाहिजे. नुसती शोभेला बाई नको, असं ते म्हणाले, आणि हे ज्यांनी चार शोभेच्या बायका उभ्या केल्या होत्या तेच म्हणत होते. सोमवारी कामांची यादी कायमची बंद होणार होती. तोपर्यंत काम मिळालं तर घालू, नाहीतर चार ती चारच, आणि सही दुसऱ्या कोणाची घेऊ. माझ्या हातात पाच दिवस होते.

जालना निवडलं ते दोन कारणांनी. भोकरदन म्हणजे त्या काळचं भोगवर्धन, नावाजलेलं गाव. आणि राजूरच्या शाळेत माझी जुनी विद्यार्थिनी वैशाली शिकवते, तिची आई अजून स्वतः शेती करते. कंपनीनं माझ्याबरोबर निनादला पाठवलं. वय तिशीचं, पद 'वर्ल्ड डिझायनर'. म्हणजे जग कसं असावं ते ठरवायचं. पुण्यात हे काम करणारे पूर्वीही पुष्कळ होते, फक्त त्यांना पगार नव्हता.

बुधवार, जालना

जालन्यात उतरल्या उतरल्या जे दिसतं ते बियाणं. दर शंभर पावलांवर बियाण्याच्या जाहिरातीचा फलक. फलकावर मिशीवाला शेतकरी, हातात हातभर लांब कणीस, चेहऱ्यावर आत्ताच निवडून आल्याचा आनंद. मागे लांब बांधावर, नीट पाहिलं तरच दिसेल अशी, डोक्यावर भाकरीची टोपली घेतलेली एक बाई. एक फलक, दोन फलक, दहा फलक झाले, सगळीकडे बाई टोपली घेऊन येतच होती, पोचत कुठेच नव्हती.

निनादनं मोबाइल काढून सगळ्या फलकांचे फोटो घेतले. "मॅडम, याला रेफरन्स म्हणतात," तो म्हणाला. हे वाक्य पुढचे पाच दिवस मी उठता-बसता ऐकलं. त्याच्या कंपनीत प्रत्येक गोष्टीला छापील आधार लागतो. चाकाला आरे किती, मडक्याचा रंग कोणता, सगळ्यापुढे पुस्तकाचं पान लिहिलेलं असतं. छापील नसेल ते जगात नसतं.

गाडी सलीमभाईंची. जालन्याचेच, घरात उर्दू, गाडीत मराठी, ट्रकवाल्यांशी वेगळीच काहीतरी. मी त्यांना सहज विचारलं, की फलकावर सगळीकडे बाई भाकरीच घेऊन का येते? सासुरवाडी शेतकऱ्यांची असल्यानं ते अधिकारानं बोलले.

"मॅडम, फोटोवाला दुपारी आल्ता असंल. तवा बाई भाकर घेऊन येऊन राह्यली होती. सकाळपासून ती काय करून राह्यली होती, त्याला काय मालूम?"

मला हे उत्तर माझ्या तीस वर्षांच्या व्याख्यानांपेक्षा बरं वाटलं आणि थोडा रागही आला. संध्याकाळी मोसंबीचा रस प्यायलो. पुण्यात मोसंबी आजाऱ्याला भेटायला जाताना घेतात, इथे धडधाकट माणसं उभ्या उभ्या दोन दोन ग्लास पितात. निनादनं तीन प्यायले आणि रात्री जेवला नाही.

गुरुवार, भोकरदन

जुनं नगर हल्लीच्या गावाच्या पोटात आहे. वर घरं, खाली घरं. कुठे पाया खणला की खापरं निघतात, असं लोक कौतुकानं नाही तर तक्रारीच्या सुरात सांगतात. इथेच उत्खननात हस्तिदंताची एक छोटी स्त्रीमूर्ती निघाली होती. अतिशय देखणी. अंगावर दागिने भरपूर आणि दागिन्यांखेरीज फारसं काही नाही.

निनादनं खेळातल्या सगळ्या बायकांना हाच वेश दिला होता. पाणी भरणारी, दळणारी, रडणारी, सगळ्या कमरपट्टा आणि बाजूबंद घालून. मी म्हटलं, अरे, चैनीच्या आरशाला किंवा पेटीला लावायची वस्तू असेल ती, तिचे कपडे बघून गावाला कपडे घालतोस? तो म्हणाला, मॅडम, रेफरन्स आहे. उद्या दोन हजार वर्षांनी कोणी आपल्या गावातला तेलाच्या डब्यावरचा फोटो उकरून काढला, तर आपल्याबद्दल काय ठरवतील, असं माझ्या मनात आलं.

निनादनं बरोबर काळ्या पट्ट्या आणल्या होत्या. त्या हातापायांना बांधल्या की माणूस जसा हलेल तसं संगणकात टिपलं जातं. केळणा नदीच्या काठी एक बाई कपडे धूत होती. निनादनं तिला विनंती केली, की ताई, पट्ट्या बांधून डोक्यावर हंडा घेऊन जरा चालून दाखवता का, अगदी रोज चालता तसं. ती म्हणाली, हंडा रोज कोण नेतंय? नळाला आठवड्यातून पाणी, मधल्या दिवशी मालक मोटरसायकलला दोन कॅन लावून आणतात. त्यांना बांधा पट्ट्या. निनादनं वहीत लिहिलं, 'अपवाद'. मी वाकून वाचलं म्हणून कळलं.

माझी अवस्था काही फार बरी नव्हती. दोन दिवस गेले होते. खेळ अडेल असं काम मला मिळत नव्हतं. विणकाम सांगितलं, तर निनाद म्हणाला विणकर आधीच आहे, पुरुष. वैद्यकी, तर वैद्य आहे, दाढीवाला. सुईण सांगितली तर म्हणाला, खेळात मूल जन्मत नाही, लोक वेशीतून येतात. या गावाला बायका पुरवायच्याच कशाला हा प्रश्न मला तेव्हा पहिल्यांदा पडला.

शुक्रवार, राजूरजवळच्या एका शेतात

राजूरला गणपतीचं दर्शन घेतलं. मी मनातल्या मनात एक काम मागितलं. बाहेर फुलांची, नारळाची, पेढ्यांची दुकानं होती. दहापैकी सात दुकानांत गल्ल्यावर बायका बसल्या होत्या आणि वरच्या पाट्यांवर नवऱ्यांची नावं होती. पुण्यातही तसंच असतं, पण घरचं कधी डोळ्यांवर येत नाही.

वैशालीची आई कौशल्याबाई साठीच्या. आम्ही पोचलो तेव्हा त्या घरी नव्हत्या. त्यांचे मालक रामभाऊ ओट्यावर बसले होते, ते म्हणाले, ज्वारीत आहे. ज्वारी उभी, दाणे भरलेले, दुसऱ्या दिवशी काढायला माणसं यायची होती. कौशल्याबाई एकट्याच ओळींतून हळूहळू चालत होत्या. मध्येच थांबत, एखादं कणीस हातात धरून फिरवून बघत, सोडून देत, पुढे जात. दहा-पंधरा कणसं सोडून एखादं विळ्यानं कापून ओच्यात टाकत. निनाद म्हणाला, फिरायला आल्यात वाटतं. मलाही तसंच वाटलं होतं, पण मी बोलले नाही. तज्ज्ञ असण्याचा एवढा तरी फायदा असतो.

निनादनं त्यांना पट्ट्या बांधल्या आणि दळायला सांगितलं. जातं गोठ्याच्या तोंडाशी होतं, त्यावर कुत्रं झोपलेलं. कुत्रं उठवलं, जातं धुतलं. एकटीनं दळायचं म्हटल्यावर कौशल्याबाई हसल्या. समोर दुसरी लागते, म्हणाल्या, नाहीतर खांदा जातो. खेळात दळणारी बाई एकटीच होती, कारण एकटी सुंदर दिसते. शेवटी समोर मी बसले. चार फेरे झाल्यावर माझा दम गेला आणि निनादच्या संगणकात एका म्हाताऱ्या बाईचं धापा टाकणं कायमचं नोंदलं गेलं.

जेवायला ज्वारीची भाकरी, येसराची आमटी, ठेचा आणि कांदा. येसर म्हणजे भाजलेल्या धान्या-मसाल्याचं पीठ, पाण्यात कालवून उकळलं की आमटी. पुण्यात आमटीत गूळ घालतात हे मी सांगितलं तेव्हा रामभाऊंनी सहानुभूतीनं आणखी एक भाकरी माझ्या ताटात ठेवली.

जेवणं झाल्यावर निनादनं खेळ उघडला आणि संगणक कौशल्याबाईंपुढे ठेवला. बोट कसं फिरवायचं हे त्यांना दोन मिनिटांत जमलं. पहिलंच त्यांनी काय केलं, तर विहिरीवरच्या बाईला शेताकडे न्यायला निघाल्या. बाई गावाच्या कडेपर्यंत गेली आणि जागच्या जागी पाय हलवत राहिली. निनादनं समजावलं, की बायकांना तिथून पुढे जाता येत नाही, तशी सोय ठेवलेली नाही. कौशल्याबाईंनी तिला पुन्हा नेलं. पुन्हा तेच. मग पडद्याजवळ तोंड नेऊन त्यांनी तिचे दागिने पाहिले.

"हे घालून कणसं मोडायची म्हंजी रुतंल की भाऊ सगळं," त्या म्हणाल्या.

मग त्यांनी पुरुषाला शेतात धाडून पेरणी केली. शेत हिरवं झालं, पिवळं झालं, कोठार भरलं. गावानं सगळं धान्य खाल्लं. पुन्हा पेरणीचं बटण आलं, त्यांनी दाबलं, पुन्हा शेत हिरवं झालं. त्या थांबल्या.

"बी कुठून आणलं?"

निनाद म्हणाला, आपोआप येतं.

"पयल्या साली कुणी दिलं आसंल. पर दुसऱ्या साली? समदं तर खाल्लं ना ह्यांनी."

निनादनं माझ्याकडे पाहिलं. मी कोठाराकडे पाहिलं. तीन वर्षं, अठरा माणसं त्या खेळावर काम करत होती आणि दुसऱ्या साली पेरायला दाणा कुठून आला हे कोणाच्या डोक्यात आलं नव्हतं. माझ्याही नाही, आणि मी तर तपासायला होते.

कौशल्याबाई आम्हाला आत घेऊन गेल्या. सकाळच्या कणसांची जुडी आढ्याला टांगलेली होती. बाजारचं बियाणं सगळेच आणतात, पण ही घरची ज्वारी त्यांनी सासूकडून घेतलेली, दरवर्षी काढणीच्या आदल्या दिवशी उभ्या पिकात फिरून निवडायची. माणसं यायच्या आत, कारण एकदा कणसं ढिगात पडली की कोणतं कुठलं हे कळत नाही. ज्वारीचं ताट, म्हणजे दांडा, किती जाड, दाणा किती घट्ट, पाखरानं खाल्लं का सोडलं, सगळं उभ्यातच बघायचं. तूर राखेत आणि कडुलिंबाच्या पाल्यात मडक्यात भरायची, तोंड शेणामातीनं लिंपायचं. त्या मडक्याला घरात दुसरं कोणी हात लावत नाही. रामभाऊंना त्यातलं कितपत माहीत होतं ते मी विचारलं. ते म्हणाले, पेरायच्या दिवशी ती देते, मी पेरतो.

मग त्यांनी लग्नानंतरच्या एका वर्षाची गोष्ट सांगितली. पाऊस नव्हता. घरात खायला रानातल्या तरोट्याची भाजी. आणि कोपऱ्यात बियाच्या ज्वारीचं मडकं, तोंड लिंपलेलं. सासरे म्हणाले फोड, दीर म्हणाले फोड. सासू मडक्याला पाठ लावून बसली. जेवायला तिथे, झोपायला तिथे. पोटच्या पोरांना तिनं त्यातला दाणा दिला नाही.

"मी आठ दिस बोल्लो न्हाई आईसंगं," रामभाऊ दारातून म्हणाले. "भूक लागल्ती."

"अन् पुढल्या पेरणीला तिनंच पयली ओंजळ ह्यांच्या पदरात टाकली," कौशल्याबाई म्हणाल्या. "गावात चौघांच्याच घरी बी व्हतं त्या साली."

 माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि मी ते पुसलंही नाही. निनाद मात्र वहीत भराभर लिहीत होता. हेच ते काम होतं. दुष्काळात गाव उपाशी, खेळणाऱ्याला बी खायचा मोह, आणि ती बाई नाही म्हणणार. खाल्लं तर पुढच्या साली खेळ संपला. बाई नसेल तर खेळ अडला पाहिजे, ही साहेबांची अट जशीच्या तशी पुरी होत होती. मी मनात राजूरच्या गणपतीला हात जोडले.

तेवढ्यात निनादचं पेन थांबलं. साहेब रेफरन्स मागतील, तो म्हणाला. बाईंनी तोंडी सांगितलं, तर त्याला रेफरन्स म्हणत नाहीत.

मी म्हटलं, मग नसू दे. बायकांच्या चार कामांना तरी कुठे आधार आहे? त्यानं सांगितलं, आहे ना, छापील आहे, आणि त्यात तर उलटंच लिहिलंय. मी चिडले. कोणत्या मूर्खानं लिहिलंय ते मला दाखव, म्हटलं. त्यानं फारच अवघडून मोबाइल माझ्यापुढे धरला. पानाचा फोटो होता. खाली पेन्सिलनं रेघ मारलेली ओळ होती: 'स्त्रिया घरकाम सांभाळत आणि फावल्या वेळात पुरुषांना शेतीकामात मदत करत.'

पुस्तक माझं होतं. परीक्षेसाठी मुलं वापरतात ते, आठ आवृत्त्या निघालेलं. निनादला पहिल्या दिवसापासून माहीत होतं, पण मी सही करणार नाही म्हणून एवढी ओरडले होते की त्याला सांगायचा धीर झाला नाही. मला ती दुपार लख्ख आठवली. प्रकाशकाचा माणूस खाली वाट बघत होता, समाजजीवनाच्या प्रकरणात वीस ओळी कमी पडत होत्या, घरी पाहुणे यायचे होते आणि मला पुरणाला डाळ टाकायची होती. दुसऱ्या एका पुस्तकात असंच काहीसं वाक्य होतं. मी ते जरा फिरवून लिहिलं आणि डाळ धुवायला गेले. पुरावा शोधायचं मनातही आलं नाही. बायकांबद्दलच्या वाक्याला पुरावा कोण मागतं?

कौशल्याबाईंनी विचारलं काय लिहिलंय. मला वाचून दाखवावं लागलं. त्यांनी नीट ऐकून घेतलं.

"ताई, फावला येळ म्हंजी कव्हा?"

त्यात टोमणा नव्हता. त्यांना खरंच माहिती हवी होती. मी मोबाइलवरची ती ओळ पुन्हा वाचायला घेतली. त्या विळा घेऊन ज्वारीत गेल्या, कारण शेताचे दोन तुकडे बघायचे राहिले होते आणि उद्या माणसं येणार होती.

शनिवार, घनसावंगीच्या वाटेवर

निनादला गोदावरीच्या पाण्याचा आवाज टिपायचा होता. सलीमभाईंच्या गाडीचं मधेच काहीतरी तुटलं. ते म्हणाले, बिलकुल टेन्शन घेऊ नका, आणि आम्हाला एका वडापच्या जीपमध्ये कोंबलं. नऊ माणसांच्या जागेत आम्ही सोळा. माझ्या मांडीवर एका अनोळखी बाईची कोंबडी होती आणि ती माझ्यापेक्षा निवांत होती.

दोन्ही बाजूंना ऊस. एका शेतात तोड चालली होती, तिथे जीप माणसं उतरवायला थांबली. निनादनं खाली उतरून मुकादमाला विचारलं, किती माणसं आहेत? वीस कोयते, तो म्हणाला. निनादनं वीस लिहिलं. मी मोजली तर चाळीस होती. मुकादमानं समजावून सांगितलं, की नवरा-बायको मिळून एक कोयता. नवरा तोडतो, बायको तोडते, मोळी बांधते, डोक्यावर गाडीत भरते, आणि मोजणी एकाची.

"मॅडम, आमचा खेळ तसा बराच म्हणायचा," निनाद हळूच म्हणाला. "आमच्यात निदान बाईला वेगळा नंबर आहे."

चार दिवसांत त्याच्याशी मी पहिल्यांदाच सहमत झाले.

घनसावंगीच्या बसस्टँडसमोर चहाच्या टपरीवर बसून मी साहेबांसाठी एक पान लिहिलं. छापील आधाराला खोडायला तज्ज्ञाचा लेखी आधार लागतो, आणि इथे दोन्हीकडची तज्ज्ञ मीच होते. पहिलं वाक्य लिहायला मला दोन चहा लागले. माझ्या पुस्तकातल्या त्या विधानाला कोणताही पुरावा नाही, असं मी लिहिलं. ते मी दुसऱ्यांकडून उचललं, त्यांनी आणखी तिसऱ्यांकडून उचललं असावं. कौशल्याबाई आज करतात तेच भोगवर्धनातली बाई करत होती, असं मी म्हणू शकत नाही. दोन हजार वर्षं म्हणजे काही पुणे-जालना अंतर नव्हे. पण बी कोणीतरी राखलंच असणार, नाहीतर ते गाव दुसऱ्या साली ओस पडलं असतं, आणि ते पुरुषानंच राखलं याला तर तेवढाही आधार नाही. खाली सही केली. ज्या सहीसाठी मी घराबाहेर पडले होते ती ही नव्हती.

सोमवार आणि नंतर, पुणे

साहेबांनी पान दोनदा वाचलं. बी राखणारी बाई त्यांना फार आवडली. खेळात ताण येतो, म्हणाले. मग त्यांनी अतिशय सभ्यपणे विचारलं, की मॅडम, तुम्ही तेव्हा चुकला होता तर आत्ता बरोबर आहात हे आम्ही कशावरून धरायचं? प्रश्न चोख होता. मी विद्यार्थ्यांना हेच विचारायला शिकवत आले होते.

शेवटी असं ठरलं. बाई खेळात आली, आणि इतर बायका जिथे अडायच्या ती गावाची कड ओलांडून थेट शेतापर्यंत गेली. साडी म्हणता येईल असं काहीतरी तिला नेसवलं. समाजजीवन तपासलेलं असल्याची ओळ आणि माझं नाव काढून टाकलं. आणि त्या एकट्या बाईपुढे बारीक अक्षरात लिहिलं, 'काल्पनिक'. हत्ती पकडणाऱ्याला मदत करणाऱ्यापुढे असं काही लिहिलेलं नाही. दागिने घालून रडणारीपुढेही नाही.

तरी मी खूश होते. कौशल्याबाईंना फोन करून सांगितलं, की तुमची बाई शेतात गेली. त्यांना बरं वाटलं. ज्वारी घरात आली होती, चांगली उतरली होती. मग त्यांनी विचारलं, "अन् पुस्तकात?"

मी प्रकाशकाला फोन केला. त्यांना कळेना की माझी तक्रार काय आहे. पुस्तक चाललंय ना, म्हणाले. दोन शब्दांसाठी सगळं पान परत जुळवावं लागेल, नववी आवृत्ती छापून तयार आहे, आणि मॅडम, त्या ओळीबद्दल इतक्या वर्षांत कोणाचं पत्र आलेलं नाही. पोरांचा खेळ आठ दिवसांत सुधारला होता. माझ्या पुस्तकाला ते जमेना.

म्हणून हल्ली मी सकाळी जवळच्या कॉलेजांच्या ग्रंथालयात जाते. माझं पुस्तक काढते, ती ओळ शोधते, 'फावल्या वेळात'पासून पुढचं खोडते आणि बाजूला लिहिते, 'शेती करत. जास्त पुरावा शोधायला हवा'. गेल्या आठवड्यात ग्रंथपाल बाईंनी मला पकडलं. पुस्तकावर लिहू नये ही पाटी एवढ्या मोठ्या अक्षरात लावलीय, तुमच्या वयाच्या माणसाला कळत नाही का, असं त्या म्हणाल्या. मी सांगितलं की लेखिका मीच आहे. त्यांनी आतलं पान उघडून नाव पाहिलं, मागच्या बाजूचा फोटो पाहिला, मला पाहिलं. मग त्यांनी मी खोडलेली ओळ वाचली. बराच वेळ वाचली. नंतर काही पानं भराभर उलटली आणि पुस्तक माझ्यापुढे परत ठेवलं.

"असंच बावन्न पानावर पण आहे," त्या म्हणाल्या. "आम्हाला परीक्षेला होतं. पाठ आहे मला."